जाऊन आल्याशिवाय पुढचा शब्द नाही

शैलानं मला फसवलं. आडवळणानं सांगायची मला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. आम्ही दोघींनी मिळून डोंबिवलीत बायकांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास काढला, वर्षानुवर्षं चालवला, आणि मी पाय मोडून घरात पडलेली असताना तिनं तो उचलून ठाण्याला कोपरीत नेला. फळा नेला, ठाण्याकडून येणाऱ्या सगळ्या बायका नेल्या, शिकवायची पद्धत नेली. पद्धत माझी होती.

संपादकबाई म्हणाल्या, "मंदाताई, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं लिहा." लिहिते. क्लासमध्ये हसण्यासारखं इतकं घडलंय की मला जोर लावावा लागणार नाही. पण वरचं आधी नोंदवून ठेवा.

मी इंग्रजी शाळेत शिकले नाही. मी गाऊन विकायचे. दोन मोठ्या पिशव्या घेऊन ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या कॉम्प्लेक्समध्ये दारोदार फिरायचे. तिथल्या बायका दारात उभ्या राहून इंग्रजीत घासाघीस करायच्या आणि मला कळत नाही असं समजून माझ्यासमोरच एकमेकींना सांगायच्या, की थांब, अजून कमी करेल ती. मला ‘लास्ट प्राइस’ सोडून काही येत नव्हतं, पण माणूस कधी खोटं बोलतंय हे कुठल्याही भाषेत कळतं. हळूहळू शब्दही कळायला लागले. एक दिवस एका बाईला मी तिच्याच इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, नो, शी विल नॉट रिड्यूस." तिच्या मैत्रिणीला इतकं हसू आलं की तिनं दोन गाऊन घेतले.

शैला मला तिथंच भेटली. ती मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची, बी.एड. झालेली, ठाण्यातच राहणारी, बहिणीकडे आलेली. तिनं एक गाऊन उचलला, मी भाव सांगितला आणि तिनं पर्स उघडली. मी हबकलेच. "अहो, निदान एकदा तरी ‘जास्त आहे’ म्हणा!" मी ओरडले. ती म्हणाली, "मला नाही जमत." त्या दिवशी मी तिला भाव कसा करायचा ते जिन्यात उभं राहून शिकवलं आणि तिनं मला ‘शी डोन्ट’ नव्हे, ‘शी डझन्ट’ हे शिकवलं. अशी आमची देवाणघेवाण सुरू झाली. ती मला ‘अगं मंदे’ म्हणायला लागली, मी तिला ‘शैले’.

तिनं शाळा सोडल्यावर आम्ही क्लास काढला. डोंबिवलीला, कोपर स्टेशनच्या बाजूला काशीनाथकाकांची पिठाची गिरणी आहे, तिच्यावरची खोली मिळाली. काका मूळचे तिथलेच, आगरी. पूर्वी त्यांची शेती होती, आता चार इमारती आहेत, पण गिरणीवरचा पट्टा अजून स्वतः बदलतात. खोलीसाठी मी त्यांच्याशी तीन वेळा भांडले. शेवटी ते शैलाला म्हणाले, "मास्तरीन बाय, हिला घरी ने. खोली दिली समज." तर अशी खोली. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरायचा आणि बायका ओरडून इंग्रजी बोलायच्या. त्यामुळे आमच्या विद्यार्थिनींचा आवाज कधी खोल गेला नाही.

हा धंदा बाहेरच्यांना वाटतो तसा नाही. लोकांना वाटतं, बायकांना शब्द येत नाहीत, व्याकरण येत नाही. शब्द त्यांना भरपूर येतात. गॅस, फ्रिज, टेन्शन, ऍडजस्ट, ऍडमिशन हे सगळं इंग्रजीच आहे. अडतं ते तोंड उघडताना. चुकलो तर समोरचा हसेल, ही एकच भीती. म्हणून पहिल्या आठवड्यात मी शिकवतच नसे. मी स्वतः चुकीचं इंग्रजी धडाधड बोलायचे. शैला कपाळाला हात लावायची, बायका हसायच्या, आणि एकदा मास्तरणीला हसून झालं की स्वतःला कोण हसणार याची धास्ती कमी होते.

सुरुवातीला आम्ही सगळे शिकवतात तेच शिकवलं. बँकेत काय बोलायचं, मुलाच्या शाळेतल्या मीटिंगला काय बोलायचं. मग स्मिता आली.

स्मिता म्हणजे ठाकुर्लीच्या चाळीत वाढलेली बाई. मुलानं कल्याणच्या पुढं टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि ती विसाव्या मजल्यावर राहायला गेली. एका बाजूला तमिळ, एका बाजूला पंजाबी, समोर बंगाली. तिचं हिंदी बेतास बात. तमिळ राजम आंटींचं हिंदी तिच्याहून बेतास बात. "ताई," ती मला म्हणाली, "चाळीत मी दार वाजवायचे नाही, सरळ आत जायचे. इथं वाटीभर साखर मागायची तरी इंग्रजी लागतं. आंटी एकट्याच असतात. परवा लिफ्टमध्ये रडत होत्या. मी नुसती बघत राहिले. काय बोलायचं असतं अशा वेळी?"

शैलानं लगेच फळ्यावर वाक्यं लिहिली. आय ऍम हिअर फॉर यू. यू कॅन काउंट ऑन मी. सगळ्या बॅचनं सुरात म्हटलं. गिरणीही बंद होती, छान ऐकू आलं. पण मला ते गाऊनच्या जाहिरातीसारखं वाटलं.

कारण आपण मराठीत असलं काही बोलत नाही हो. ‘मी तुझ्यासाठी आहे’ असं तुमच्या शेजारणीनं कधी म्हटलंय? ती म्हणते, ‘चहा टाकते.’ ती म्हणते, ‘पोरांना माझ्याकडे पाठव, तू जाऊन ये दवाखान्यात.’ ती म्हणते, ‘जेवलीस का? खरं सांग.’ आपली मैत्री बोलण्यात नसते, उठून जाण्यात असते. इंग्रजीत मात्र ते बोलून दाखवायची पद्धत आहे. वाईट पद्धत आहे असं नाही, पण उठून न जाता बोललं तर ते पोकळच.

म्हणून मी फळ्यावरची सगळी वाक्यं पुसली. शैला रागावली. "अगं मंदे, आत्ता लिहिलं होतं!" मी एकच शब्द लिहिला. चेक ऑन. म्हणजे कुणी बरं आहे का ते जाऊन बघणं. आणि बायकांना सांगितलं, "हे कुणाचं तरी करून या. केलंत की इथं इंग्रजीत सांगा. जाऊन आल्याशिवाय पुढचा शब्द नाही."

ही पद्धत. गिव्ह अ हँड म्हणजे हातभार लावणं, तर लावून या. लेंड ऍन इअर म्हणजे मध्ये न बोलता ऐकून घेणं, तर ऐकून या. यात आमच्या बऱ्याच बायका कित्येक आठवडे अडकल्या, कारण मध्ये न बोलणं त्यांना मराठीतही जमत नव्हतं. मीही तिथं अडकले होते. शैला मिश्कीलपणे म्हणायची, "मंदाताईंचा पुढचा शब्द यंदा निघेल असं वाटत नाही."

शिवाय मी जोड्या लावल्या. प्रत्येकीची एक जोडीदारीण. जोडीदारीण क्लासला आली नाही तर दुसरीनं पुढच्या क्लासच्या आधी तिच्या दारात जायचं. फोन चालणार नाही, मेसेज तर नाहीच. न जाता आली, तर तिनं बसायचं नाही. आणि हे शैलाचंच म्हणणं, की नियम आपल्यालाही हवा. "मंदे, तू आणि मी जोडी," ती सगळ्यांसमोर म्हणाली. टाळ्या पडल्या.

स्मिता राजम आंटींकडे गेली. दारात उभं राहून म्हणाली, "आय केम टू चेक ऑन यू." आंटी आधी घाबरल्या, त्यांना वाटलं सोसायटीकडून आली. मग आत घेतलं, कॉफी दिली. स्मिताला इतका आनंद झाला की ती सकाळी गेली, दुपारी गेली, संध्याकाळी गेली. शेवटी आंटी हात जोडून म्हणाल्या, "स्मिता, आय ऍम फाइन. प्लीज चेक टुमॉरो." हे तिनं क्लासमध्ये सांगितलं तेव्हा खालून काका ओरडले, "काय पारटी हाय काय वर?" पण खरं पुढं आहे. मग स्मिताला ताप आला आणि ती गेली नाही. दुपारी बेल वाजली. दारात आंटी, हातात रसमचं भांडं. म्हणाल्या, "टुडे आय चेक."

पुस्तकात हे वाक्य चूक आहे. शैलानंही ते सुधारलं नाही.

मग वैशालीचं प्रकरण. आमचा शब्द होता स्टँड अप फॉर, म्हणजे कुणाची बाजू घेऊन उभं राहणं. वैशाली लाजाळू. आम्हाला वाटलं, ही नणंदेच्या मुलीची बाजू वगैरे घेईल. हिनं सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेतली, म्हाताऱ्या वॉचमनची. चेअरमननं फर्मान काढलं होतं, की वॉचमननं ड्यूटीवर खुर्चीत बसायचं नाही, इमारतीची शोभा जाते. वैशाली उठली आणि भर मीटिंगमध्ये म्हणाली, "ही इज ऍन ओल्ड मॅन. ही विल सिट." चेअरमन म्हणाला, मराठीत बोला. ती म्हणाली, "नो. आय हॅव क्लास टुमॉरो."

दुसऱ्या दिवशी चेअरमन जिना चढून आमच्याकडे. "तुम्ही आमच्या सोसायटीतल्या बायका बिघडवताय. तिनं माफी मागितली पाहिजे."

"मागेल की," मी म्हटलं. "वॉचमनला सोफा द्या."

"सोफा? अहो, खुर्चीचं भांडण आहे!"

"सोफा आणि पंखा. आणि पाण्याचं मशीन."

"काय बोलता बाई तुम्ही! खुर्ची आणि पंखा, यापुढं एक वस्तू नाही!"

"बरं, तुमच्यासाठी सोडते," मी म्हटलं. तो जिना उतरून अर्ध्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. गाऊन विकणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, खुर्ची हवी असेल तर सोफ्यापासून सुरुवात करायची. माफीचा विषय परत निघाला नाही. पुढच्या महिन्यात त्याची बायको ऍडमिशनला आली. म्हणाली, "तुम्ही यांच्याशी जे बोललात ना, तेच मला शिकवा."

सगळ्यात अडचणीचं गिऱ्हाईक म्हणजे काका. एक दिवस ते स्वतः वर आले, अंगावर पीठ, आणि शेवटच्या बाकावर बसले. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात, सून तिथलीच. तिचे वडील गेले होते. "ती फोनवर रडते, न मी निसता हॅलो हॅलो करतंय," काका म्हणाले. "मना येकच वाक्य शिकीव, बाय. जास्त नको."

शैलानं त्यांना ‘माय डीपेस्ट कंडोलन्सेस’ दिलं. काकांनी प्रामाणिकपणे दोनदा प्रयत्न केला आणि टोपी काढून डोकं पुसलं. मी विचारलं, "काका, इथं गावात कुणाचा बाप गेला तर तुम्ही काय करता?"

"काय करनार? जाऊन बसताव."

"बोलता काय?"

"बोलाचा काय त्यान? बसाचा."

मग मी त्यांना तेवढंच दिलं. आय विल सिट विथ यू. त्यांनी ते घोकलं, फोन पिठाच्या डब्याला टेकवला, सुनेला एकदा ते वाक्य म्हटलं आणि बसले. रोज संध्याकाळी. ती तिकडं काहीबाही करायची, हे इकडं दळण बघायचे. दोघंही गप्प. मुलाला वाटलं, नेट बिघडलंय. पुष्कळ दिवसांनी ती आपणहून बोलली. तिनं विचारलं, मागं हा आवाज कसला येतो? काका उडालेच. "मशीन!" ते इतक्या जोरात ओरडले की वर आमचा क्लास थांबला. "माय मशीन! आटा! कम, कम, सी!" आणि फोन घेऊन त्यांनी तिला सगळी गिरणी दाखवली.

त्या दिवशी शैला खिडकीशी उभी राहून डोळे पुसत होती. मला म्हणाली, "मंदे, मी इतकी वर्षं शाळेत काय शिकवलं गं?" हे ती म्हणाली होती. म्हणूनच तर मला कळत नाही.

एक धडा राहिला. फ्रेंड आणि ऍक्वेंटन्स. शैलानं व्याख्या सांगितली, ओळखीची व्यक्ती आणि मैत्रीण यांतला फरक. बायकांच्या डोक्यावरून गेली. मी म्हटलं, "सोपं आहे. घरी आल्यावर जी ‘पाणी देता का’ विचारते ती ओळखीची. जी न विचारता फ्रिज उघडते ती मैत्रीण." बायकांनी शैलाकडं बोट दाखवलं, कारण शैला माझ्या घरी आली की आधी फ्रिज उघडायची आणि आतूनच ओरडायची, "मंदे, ही कोथिंबीर कधीची? काळी ठिक्कर पडलीय! भाव करून जुडी आणतेस आणि मग फेकतेस!"

मग मी पडले. पावडरनं घासलेल्या माझ्याच जिन्यावरून. मांडीचं हाड. घरात पडून राहायचं, वॉकरशिवाय हलायचं नाही. शैलाला फोन केला. ती म्हणाली, "तू काळजी करू नकोस, मी क्लास बघते." मी काळजी केली नाही.

स्मिता यायची, राजम आंटींना घेऊन. आंटी माझ्या पायाकडं बघून गंभीरपणे म्हणायच्या, "आय चेक." वैशाली माझी भांडी घासायची, चेअरमनच्या बायकोनं न्हाऊ घातलं. काका भाकरी आणि सुकट पाठवायचे, आणि एकदा स्वतः येऊन, वचन दिल्यासारखे, काही न बोलता बसून गेले. माझ्या घरात इतकं इंग्रजी कधी झालं नव्हतं.

शैला आली नाही. मेसेज आले. फुलांचे, सूर्याचे, ‘गेट वेल सून’चे. मेसेज चालणार नाही हा नियम आपल्यालाही हवा, असं कोण म्हणालं होतं?

मी वाट बघितली. दार उघडंच ठेवायचे. बेल वाजली की आतून ओरडायचे, "ये गं!" आणि दारात कुरिअरवाला असायचा.

शेवटी काकांनीच सांगितलं, जाता जाता, चपला घालताना. "बाय, तुझी मैतरीन फला घेऊन गेली. मना वाटला, तूच सांगितलास."

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिला ठाण्याहून रोज यायला त्रास व्हायचा हे मला माहीत होतं. माझ्या ओरडण्याचा कंटाळा आला असेल, तोही बऱ्याच जणांना येतो. स्वतःचा क्लास हवा असेल, त्यात गुन्हा नाही. हे सगळं तिनं माझ्यासमोर बसून मागितलं असतं, तर मी भांडले असते, फळ्यासाठी तर नक्कीच, आणि दिलं असतं. भाव करणाऱ्या माणसाला समोर गिऱ्हाईक लागतं. पाठीमागून उचलून नेण्याला भाव म्हणत नाहीत.

काठीवर चालायला लागले तशी मी कोपरीला गेले. पहिल्या मजल्यावर क्लास. दारावर रंगीत अक्षरांत लिहिलेलं, ‘आधी काम, मग शब्द’. माझंच, जरा इस्त्री करून. आत बायका सुरात म्हणत होत्या, "आय ऍम ऑलवेज हिअर फॉर यू." एकदा, दोनदा, सगळ्या मिळून. कुणीही कुठं जाऊन आलेली दिसत नव्हती. मी दारात उभी राहिले. शैलाच्या हातात खडू होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग काठीकडं, आणि खडू तसाच राहिला.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्या कोण?"

शैला म्हणाली, "ओळखीच्या आहेत."

मला ओळखणाऱ्यांना वाटेल, मी तिथं रामायण घडवलं. मीही तेच ठरवून जिना चढलेले. पण भांडले नाही. ओळखीच्या माणसाला म्हणतात ते म्हटलं, "नाइस टू मीट यू," आणि उतरले. खाली नारळवाला होता. त्याच्याशी मी इतकी घासाघीस केली की तो म्हणाला, "मौसी, फुकट घ्या, पण जा." मी नारळ घेतला नाही.

क्लास माझा अजून चालू आहे, गिरणीवरच. नवा फळा भिंतीत ठोकून बसवलाय, आता कुणाला उचलता येणार नाही. बायका येतात, भांडतात, अडकतात, सुटतात. परवा काकांची सून आली होती, गिरणी बघायला. तिनं वर येऊन शेवटच्या बाकावर बसून आमचं इंग्रजी ऐकलं, आणि काका तिच्या शेजारी टोपी काढून बसले होते. त्या वेळी मला बाजूला वळून ‘शैले, बघ’ म्हणायचं होतं. बाजूला चेअरमनची बायको होती. चांगली बाई आहे. पण तिला त्यातलं काय माहीत?

आता जे लिहितेय ते एकाच माणसासाठी. शैला दरवर्षी हा अंक घेते आणि तिची वाईट खोड अशी, की कुठलाही लेख ती शेवटून वाचायला सुरुवात करते. म्हणून हे शेवटी ठेवलं.

शैले, तू इथूनच वाचतेयस. फळा ठेव. बायका ठेव. दारावरची ओळही ठेव, तिच्यावर माझं नाव नको. पण तुझी जोडीदारीण क्लासला आली नाही आणि तू तिच्या दारात गेली नाहीस. नियमानं तू बसायलाही नकोस, शिकवायची गोष्ट लांब. तू पहिल्याच शब्दावर अडकली आहेस, आणि पुढचे सगळे शब्द बिनहक्काचे शिकवतेयस. डोंबिवलीला ये. मी काठीवर जिना चढून आले होते, तुला तर दोन्ही पाय आहेत. दार उघडं आहे, बेल वाजवू नकोस, सरळ फ्रिज उघड, कोथिंबीर काळी पडलीय. आणि मग माझ्यासमोर बसून, मेसेज नाही, फुलं नाहीत, मराठीत चालेल, मला उत्तर दे. त्या मुलीनं विचारलं होतं, ह्या कोण. सांग. मी कोण?